राजासॉरस काय खात होता? विदर्भाच्या मातीतला पुरावा

यवतमाळ जिल्ह्यात वाघाडी नदीच्या काठी वसलेल्या घाटंजीत विहीर खणायला घेतली, तर आधी कापसाची काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून तो थरांवर थर असा बाहेर पडत राहिला आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. लाव्हा पसरण्याआधी या भूमीवर नद्या होत्या, उथळ तळी होती, झाडोरा होता आणि डायनासोर होते. ती सगळी जुनी जमीन लाव्ह्याखाली गाडली गेली.

घाटंजीहून पूर्वेकडे निघून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यात या लाव्ह्याच्या चादरीची किनार लागते. तिथे काळ्या पाषाणाखालचे चुनखडीमिश्रित, मातकट थर काही ठिकाणी उघडे पडलेले आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून भूशास्त्रज्ञांनी त्यांना ‘लमेटा’ थर असे नाव दिले. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव याच थरांवर वसलेले आहे. घाटंजीपासून ते सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत येते.

त्या काळच्या भारतातला सर्वांत प्रसिद्ध मांसाहारी डायनासोर म्हणजे राजासॉरस नर्मदेन्सिस. त्याचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. कपाळावर बोथट शिंग, उघडा जबडा, पायाखाली तडफडणारे सावज. पण राजासॉरसच्या पोटात शेवटचा घास शाबूत राहिला आहे, असा एकही सांगाडा सापडलेला नाही. मग त्याचा आहार ठरवला कसा? या प्रश्नाचे उत्तर गुजरात, जबलपूर, पिसदुरा आणि थेट मादागास्कर अशा चार ठिकाणी विखुरलेले आहे. ते गोळा करताना संशोधकांनी चुकाही भरपूर केल्या, आणि त्या चुकांचा इतिहास मूळ शोधांइतकाच वाचनीय आहे.

आधी खुद्द प्राण्याविषयी. १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने गुजरातमधील रहिओली गावाजवळ मोठ्या प्रमाणावर हाडे गोळा केली. सुरेश श्रीवास्तव यांनी उत्खननाच्या जागेचा तपशीलवार नकाशा काढून ठेवला होता. कोणते हाड कुठे, कोणत्या हाडाशेजारी पडले होते, याची ती नोंद होती. हाडे पुढे जवळपास दोन दशके तशीच राहिली. नंतर जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी तो नकाशा आणि हाडे एकत्र मांडली, तेव्हा त्या ढिगाऱ्यातून एकाच प्राण्याचे अवशेष वेगळे करता आले. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, मागचे पाय आणि शेपटीचा काही भाग हाती आला. २००३ साली या प्राण्याला राजासॉरस हे नाव मिळाले. तो नकाशा नसता तर ती हाडे म्हणजे क्रमांक लावलेला ढीगच राहिला असता.

पहिल्या अंदाजांनी त्याची लांबी नऊ मीटरच्या आसपास सांगितली होती. अलीकडचे अंदाज साडेसहा मीटरच्या जवळ येतात. मागचे पाय आखूड व दणकट, मान जाड, कवटी आखूड आणि उंच. तो ज्या ‘अ‍ॅबेलिसॉरिड’ कुळातला आहे, त्या कुळाचे पुढचे हात इतके खुजे असतात की भक्ष्य धरण्यासाठी त्यांचा काहीही उपयोग नसावा. विदर्भात राजासॉरसचा सांगाडा मिळालेला नाही. मात्र जबलपूरला जुन्या काळी सापडलेले काही तुकडे त्याचेच मानले गेले आहेत, म्हणजे त्याचा वावर गुजरातपासून मध्य भारतापर्यंत असावा.

जबलपूरचे नाव निघाले की बारा सिमला टेकडीकडे वळावे लागते. १८२८ साली विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याला तिथे शेपटीचे दोन अश्मीभूत मणके मिळाले. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात गाजलेला स्लीमन तो हाच. ‘डायनासोर’ हा शब्दच १८४२ सालचा, त्यामुळे आपल्या हाती काय आले आहे हे त्याला कळणे शक्य नव्हते. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही प्रजाती स्थापन केली. लांब मानेच्या, अवाढव्य, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांच्या एका मोठ्या गटाला आज जगभर ‘टायटॅनोसॉर’ म्हणतात, ते या नावावरून.

त्याच टेकडीवर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चार्ल्स मॅटली यांनी खोदकाम केले. त्यांना कंबरेची हाडे, नडगी आणि त्यांच्या जवळपास पडलेले हाडांचे जाड ढालीसारखे तुकडे सापडले. मॅटलींनी सरळ बेरीज केली. ढाली आहेत म्हणजे प्राणी चिलखती, आणि तोवर ठाऊक असलेले चिलखती डायनासोर शाकाहारी होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी त्याला ‘लमेटासॉरस’ हे नाव दिले. पुढे ध्यानात आले की कंबर व नडगी मांसाहारी डायनासोरची आहे आणि ढाली टायटॅनोसॉरच्या पाठीवरच्या असाव्यात. म्हणजे खाणारा आणि त्याचे संभाव्य खाद्य यांची हाडे एकत्र जोडून एक तिसराच, कधीही अस्तित्वात नसलेला प्राणी उभा राहिला होता. भारतीय अ‍ॅबेलिसॉरिड विज्ञानाच्या दप्तरात पहिल्यांदा नोंदला गेला तो असा, शाकाहारी म्हणून!

मॅटलींना हसण्याचे कारण नाही. नदीच्या गाळात हाडे मिसळलेली असतात, आणि तेव्हा हे कुळच कुणाला ठाऊक नव्हते. १९३३ मध्ये फ्रीडरिश फॉन ह्यून आणि मॅटली यांनी जबलपूरच्या मांसाहारी डायनासोरांना इंडोसॉरस, इंडोसुकस अशी नावे दिली. त्यानंतर अनेक वर्षे त्यांची नाती उत्तर गोलार्धातील प्राण्यांशी जोडली जात होती. इंडोसुकसला तर टी. रेक्सच्या कुळातही बसवले गेले. १९८५ मध्ये अर्जेंटिनात अ‍ॅबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस यांची वर्णने प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे भारतीय हाडांना त्यांचे खरे भाऊबंद मिळाले. ते सगळे दक्षिणेकडच्या गोंडवन भूमीतले निघाले. गोंडवन हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडलेले आहे.

आता सावजाकडे. येथे पिसदुऱ्याचे महत्त्व सुरू होते.

नागपूरला १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना खडकांचे विलक्षण वेड होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लेखन केले, आणि पिसदुऱ्याच्या जीवाश्मांची पहिली ओळख जगाला त्यांच्यामुळे झाली. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. लिडेकर यांनी १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरची आणखी एक प्रजाती वर्णिली. पुढे याच गावाने कासवाची एक आणि मोठ्या सापाची एक अशा दोन प्रजातींना ‘पिसदुरेन्सिस’ हे नाव दिले. जगाच्या जीवाश्मशास्त्रात एवढा मान मिळालेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

परंतु पिसदुऱ्याची खरी ख्याती हाडांपेक्षाही विष्ठेमुळे आहे. तिथल्या शेतांत अश्मीभूत विष्ठेचे गोळे विखुरलेले सापडतात. मॅटलींनी १९३९ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहून आकार-प्रकारानुसार वर्ग पाडले. त्यातला सर्वांत मोठा प्रकार टायटॅनोसॉरचा मानला जातो. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी या विष्ठेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वनस्पतींच्या पेशींत साठणाऱ्या सिलिकेच्या सूक्ष्म कणांना फायटोलिथ म्हणतात. पाने कुजून गेली तरी हे कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. विष्ठेत ताड-माडाच्या वर्गातले, सूचिपर्णी झाडांचे आणि इतर वनस्पतींचे कण होतेच. त्यांच्यासोबत गवताचेही होते, आणि तेही निदान पाच वेगवेगळ्या प्रकारांचे. डायनासोर असताना गवताचे इतके प्रकार जगात नव्हते, असा तोवरचा समज होता. तो समज वरोरा तालुक्यातल्या विष्ठेने मोडला. २०११ मध्ये याच संशोधकांनी त्या काळच्या भारतीय नमुन्यांत भाताच्या कुळातील गवताच्या खुणाही दाखवल्या.

हे सगळे शाकाहाऱ्याच्या जेवणाविषयी झाले, पण मांसाहाऱ्याचा हिशेब इथूनच मांडावा लागतो. गवत, ताड आणि झाडपाला टायटॅनोसॉरने खायचा, आणि टायटॅनोसॉर कुणीतरी खायचा. पिसदुऱ्याच्याच परिसरातील डोंगरगावला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे आजचे नाव आयसिसॉरस असे पडले. त्याच्या पुढच्या पायाचे दंडाचे हाडच दीड मीटरच्या जवळपास आहे. अशा पूर्ण वाढलेल्या प्राण्यावर साडेसहा मीटरच्या राजासॉरसने एकट्याने चालून जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हातारे, जखमी, चिखलात रुतलेले किंवा आधीच मेलेले टायटॅनोसॉर ही गोष्ट वेगळी.

पिल्ले मात्र सोपी होती, आणि पुष्कळ होती. टायटॅनोसॉरची अंडी चंद्रपूर जिल्ह्यातही सापडली आहेत. धनंजय मोहबे यांनी १९९६ मध्ये तिथल्या अंड्यांच्या एका प्रकाराला मॅटलींचे नाव दिले. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. अंड्यांचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर. घरटी इतकी जवळजवळ होती की अवाढव्य आयांना त्यांच्यामधून वावरायला जागा उरत नव्हती. त्यावरून अंडी घालून त्या निघून जात असाव्यात, असे संशोधकांना वाटते. राखण नसलेली, पन्नास सेंटिमीटरच्या आसपासची शेकडो पिल्ले एकाच हंगामात मातीतून बाहेर पडत असतील, तर परिसरातला प्रत्येक मांसाहारी तिथे हजर होणारच.

कोण हजर होते, याचा एक पुरावा खरोखरच दगडात टिकला. गुजरातमधील धोळी डुंगरी येथे १९८० च्या दशकात मोहबे यांना घरट्याचा एक तुकडा मिळाला. त्यात अंडी आणि नाजूक हाडे होती; ती सगळी पिल्लाची असावीत असा पहिला अर्थ लावला गेला. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता आणि शेजारी पिल्लू होते. बहुधा पावसाने सैल झालेला गाळ घसरून सगळे क्षणात गाडले गेले. २०१० मध्ये या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. भारतीय डायनासोरच्या शिकारीचे हे सर्वांत जिवंत दृश्य आहे, आणि त्यात शिकारी राजासॉरस नव्हे. चित्रकारांनी घरट्यावर राजासॉरस जरूर काढावा, पण पुरावा सापाच्या नावावर आहे हे विसरू नये.

राजासॉरसच्या स्वतःच्या सवयींसाठी समुद्र ओलांडावा लागतो. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते. त्यामुळे मादागास्करचा माजुंगासॉरस हा राजासॉरसचा जवळचा नातलग ठरतो. (त्याच्या नशिबीही तीच थट्टा आली. त्याच्या कवटीच्या एका घुमटाकार तुकड्यावरून १९७९ मध्ये त्याला जाड टाळूच्या शाकाहारी डायनासोरांत घातले गेले होते. ती चूक १९९८ मध्ये दुरुस्त झाली.) माजुंगासॉरसचे अवशेष भरपूर आहेत आणि उत्तम टिकलेले आहेत. २००३ मध्ये, म्हणजे राजासॉरसला नाव मिळाले त्याच वर्षी, रेमंड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हाडांवरचे चरे मोजले. टायटॅनोसॉरच्या हाडांवर दातांचे समांतर ओरखडे होते. तसेच ओरखडे खुद्द माजुंगासॉरसच्या हाडांवरही होते. ओरखड्यांमधले अंतर त्याच्या जबड्यातील दातांच्या अंतराशी जुळले. ओरखड्याच्या आतल्या बारीक रेघा त्याच्या दातांच्या करवती कडेशी जुळल्या. त्या परिसरातील मगरींचे वा लहान मांसाहारी डायनासोरचे दात तसे नव्हते. निष्कर्ष एकच उरला. माजुंगासॉरस आपल्याच जातीचे मांस खात होता. मारून खात होता की मेलेले खात होता, हे ओरखडे सांगत नाहीत.

२०१९ मध्ये मायकेल डेमिक आणि सहकाऱ्यांनी दातांच्या आतील वाढीच्या रेषा मोजून दाखवले की माजुंगासॉरसचा प्रत्येक दात साधारण ५६ दिवसांत बदलत असे. त्याच अभ्यासातील इतर दोन मांसाहाऱ्यांना, अ‍ॅलोसॉरस आणि सेराटोसॉरस यांना, यासाठी शंभराहून अधिक दिवस लागत. दात इतक्या झपाट्याने झिजतात त्याचे एक कारण हाडे कुरतडणे हे असावे. नुसते मऊ मांस लचकणाऱ्याला दर दोन महिन्यांनी नवा दात कशाला हवा?

शिकारीची पद्धत शरीरावरूनच ताडावी लागते. घाटंजी व केळापूर तालुक्यांत पसरलेल्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ दबा धरतो, झेप घेतो, पुढच्या पंजांनी सावज खाली ओढतो आणि गळा धरतो. राजासॉरसकडे पंजे नव्हतेच. जे काही करायचे ते तोंडाने. आखूड व उंच कवटी बाजूने बसणारे हिसके सहन करते, जाड मान तोल सांभाळते, आणि आखूड, रुंद दात सावजाने धडपड केली तरी सहज मोडत नाहीत. म्हणून या कुळाबद्दल संशोधकांचे मत असे बनले की ते एकदा चावा घेऊन सोडत नसत. धरून ठेवत, आणि सावज थकेपर्यंत सोडत नसत. दणकट पायांचा राजासॉरस लांबवर पाठलाग करणारा दिसत नाही. कपाळावरचे शिंग शिकारीसाठी निरुपयोगी होते. आपसातल्या झटापटीत किंवा ओळख पटवायला त्याचा उपयोग झाला असावा.

रहिओलीलाच २०१० मध्ये दुसरा अ‍ॅबेलिसॉरिड नोंदला गेला, रहिओलीसॉरस. त्याचे पाय तुलनेने सडपातळ होते. निदान सात प्राण्यांची हाडे एकत्र मिळाल्याने काहींनी लगेच कळपाने केलेल्या शिकारीची चित्रे रंगवली. पण पुराचे पाणीही मेलेले प्राणी एका जागी आणून टाकते. एका भूमीत दोन बांध्यांचे मोठे मांसाहारी होते, तर त्यांनी सावजेही थोडीफार वाटून घेतली असतील, एवढेच म्हणता येते.

विदर्भात मांसाहाऱ्याची हाडे इतकी दुर्मीळ का, याचे एक उत्तर टिपेश्वरच्याच वाघाने दिले आहे. जून २०१९ मध्ये तिथून निघालेला टी-१ सी-१ हा रेडिओ कॉलर लावलेला तरुण नर तेराशे किलोमीटरहून अधिक भटकंती करून डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मोठ्या मांसाहाऱ्याला मोठा मुलूख लागतो, म्हणून त्याची संख्या नेहमीच थोडी असते, आणि थोड्यांतून जीवाश्म होणारे त्याहूनही थोडे. त्याच्या विष्ठेचेही तसेच. कॅनडातील सॅस्कॅचेवान येथे सापडलेला, टी. रेक्सचा मानला जाणारा ४४ सेंटिमीटर लांबीचा विष्ठेचा गोळा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एका कोवळ्या शाकाहारी डायनासोरच्या हाडांच्या चुऱ्याने भरलेला होता. एका जेवणाची एवढी स्पष्ट पावती जगात क्वचितच मिळते.

म्हणून जुनी हाडे जपणे महत्त्वाचे ठरते. दातांचे ओरखडे हाडाच्या पृष्ठभागावर असतात. हाड हरवले की ओरखडाही हरवतो, आणि कागदावरचे चित्र तो परत देऊ शकत नाही. जबलपूरहून निघालेली कित्येक हाडे गेल्या दोन शतकांत हात बदलता बदलता गहाळ झाली. स्लीमनला मिळालेले ते पहिले दोन मणकेही त्यांतच धरले जात होते. २०१२ मध्ये कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहाची झडती घेताना मोहबे, सुभाशिष सेन आणि विल्सन यांच्या चमूला त्यांतला एक मणका पुन्हा सापडला.